शुक्रवारचा श्वास

१

“पोरीच्या छातीत खोट हाय. आपल्यापासून लपवली त्यांनी,” सासूबाई स्वयंपाकघरात कुजबुजल्या, आणि ते मला गच्चीवर ओल्या चादरी झटकताना स्पष्ट ऐकू आलं.

यात माझ्या कानांचं काही कौतुक नाही. आमचं घर कारखान्याला चिकटून आहे, मधली भिंत एकच. पलीकडे कापड विणायचे लूम रात्रंदिवस खडखडतात आणि या घरातली माणसं त्या खडखडाटातच जन्मली, वाढली, भांडली. हळू बोलणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नाही. लूम चालू असताना जी कुजबुज असते, ती शुक्रवारी, सुट्टीला लूम बंद असताना, गल्लीला दवंडी दिल्यासारखी होते. सासूबाईंना वाटतं, तोंडावर पदर धरला की आवाज कमी होतो.

“कशावरून म्हणतेस?” सासऱ्यांनी विचारलं.

“दारापाशी उभी राहून ऐकलं ना. सूं करून ओढते. नुसती ओढतेच. आताही झोपलीय खोलीत, जाऊन ऐका तुम्ही.” मग थोडं थांबून, “परत तेच नको मला या घरात.”

“हळू बोल,” सासरे ओरडले.

माझ्या हातात चादरीचं टोक होतं. चादरीतून पाणी पायावर गळत होतं. मी झोपले नव्हते. मी खोलीत नव्हते.

रिकामी बादली घेऊन मी जिना उतरले, तर सासरे खरंच माझ्या खोलीच्या दाराला कान लावून उभे. मला बघून त्यांनी कान काढला आणि दाराची कडी तपासत असल्यासारखं केलं.

“उठलीस का?” सासूबाई म्हणाल्या.

“मी गच्चीवर होते, आई. चादरी वाळत घालत होते.”

त्यांनी बादलीकडे पाहिलं. माझ्या भिजलेल्या निऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “दुपारची झोप बरी असते गं. लाजू नको.”

मला तेव्हाच राग यायला हवा होता. पण नव्या सुनेला राग यायला थोडा वेळ लागतो. आधी तिला वाटतं, आपलंच काही चुकलं असेल.

शिवाय मागे ऋतिका होती. माझी धाकटी बहीण. तिचं मानकोलीला जमत आलेलं, तेही याच लोकांच्या भावकीत, आणि जमवणारे सासूबाईंचे सख्खे भाऊ, कोन गावचे काळूराममामा. माझ्या छातीत खोट निघाली, तर ती एकट्या माझ्या छातीत राहणार नव्हती. अंबाडीला, माझ्या माहेरी, दोन्ही मुली परत आल्या असत्या, एक लग्नानंतर आणि एक लग्नाआधी.

२

या घराची शुक्रवारची एक पद्धत आहे. मला आल्या आल्या गंमत वाटली होती.

लूमचा शेवटचा खटका पडला की सासूबाई टीव्ही लावतात. पूर्ण आवाजात. कोण बघतंय याच्याशी संबंध नाही. मग मिक्सर, वाटण आठवड्याचं शुक्रवारीच निघतं. सासरे टाकीची मोटर लावतात, टाकी भरून वाहिली तरी चालू ठेवतात. माझी नणंद हेमाली मोबाईलवर गाणी लावते आणि कानात काहीही न घालता ऐकते. सगळं घर एकमेकांशी ओरडून बोलतं.

“शांततेत डोकं दुखतं आमचं,” भाविकनं, माझ्या नवऱ्यानं, पहिल्याच शुक्रवारी समजावलं होतं. “सवय न्हाय ना कानांना.”

मला पटलं होतं. अंबाडीला आमच्याकडे रात्री बेडूक बंद झाले तर आजी जागी व्हायची. असतात सवयी.

पटलं नाही ते एवढंच. दारावरची बेल या लोकांना ऐकू येत नाही. कुकरच्या शिट्ट्या मी मोजते, कारण बाकी कुणाला त्या पोचत नाहीत. सासऱ्यांशी बोलायचं तर समोर जाऊन ओठ दिसतील असं उभं राहावं लागतं. कारखान्यात सगळे ओठ बघूनच बोलतात. आणि त्याच माणसांना टीव्ही, मिक्सर आणि मोटर यांच्या वरून, बंद दाराआडचा एक श्वास ऐकू येत होता.

कान कुठं लावायचा, हे माहीत असल्याशिवाय असं होत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी खोलीत एकटी बसले आणि मुद्दाम ऐकलं. आधी काही नाही. मग मिक्सर थांबला तेवढ्यात आला. एक बारीक, जोरकस ओढ, दात मिटून ओठांच्या फटीतून हवा खेचावी तशी. सूं. थोडी शांतता. पुन्हा सूं. मी वाट पाहत राहिले की आता सोडेल. श्वास सोडल्याचा आवाज आला नाही. पुन्हा ओढ. पुन्हा. जणू आत कुठंतरी हवा साठतच चालली होती आणि कुणाला ती परत द्यायची नव्हती.

पंख्याचं बेअरिंग असेल. पाण्याच्या पाइपात हवा धरली असेल. मी पंखा बंद केला, तरी ओढ आलीच. टाकी तर बाहेर वाहतच होती, म्हणजे पाइपात हवा नव्हती. मग मी स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितला. हे सांगायला मला आजही चीड येते, पण बघितला. त्यांनी मला तिथवर आणलं होतं.

३

डॉक्टरांकडे सासूबाई स्वतः घेऊन गेल्या. रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता, प्रेमानं. पळून जाईन असंही असेल.

डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. त्यांनी पाठीवर, छातीवर, बगलेखाली सगळीकडे स्टेथोस्कोप लावला. मोठा श्वास घ्या, सोडा, खोका. मग म्हणाले, “छाती एकदम स्वच्छ आहे.”

“नीट बघा,” सासूबाई म्हणाल्या. “दबून बसलं असेल.”

डॉक्टर हसले. म्हणाले, छातीचे आवाज लपून बसत नाहीत. नळ्या आवळल्या की शिट्टी वाजते, ती बहुतेक श्वास सोडताना, तो दमा. फुप्फुसात पाणी झालं की कानाशी केस चोळल्यासारखं चुरचुरतं. घशात काही अडकलं, सूज आली, की श्वास घेताना कर्कश ओढ येते. कफ असला की घरघर. “तुमच्या भागात बारीक कापसाची धूळ. वर्षानुवर्षं ती आत गेली की छाती आवळते. सुट्टीनंतर कामावर आलं की जास्त. पण यांना इथं येऊन किती दिवस झाले?”

“आणि नुसता आत घेतला, सोडलाच नाही, असा आवाज कशानं येतो?” मी विचारलं.

“असं माणूस करू शकत नाही,” ते म्हणाले. “घेतलेला सोडावाच लागतो. नाहीतर पुढचा घेणार कुठं?” मग कागदावर काहीतरी लिहिता लिहिता, मान खाली घालूनच, अगदी हळू त्यांनी विचारलं, “घरात आधी कुणाला होता का असा त्रास?”

“न्हाय. कुणाला न्हाय,” सासूबाई म्हणाल्या.

प्रश्न नीट संपलाही नव्हता. त्यांना डॉक्टरांचे ओठ दिसत नव्हते. घरी मी ताटावरून तीनदा भात विचारते तेव्हा त्या ‘आं?’ करतात.

घरी येऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांनी धूळ सांगितली. ते खोटं नव्हतं. धूळ सांगितलीच होती.

४

माझा लग्नाचा शालू खोलीतल्या लोखंडी कपाटात आहे. त्याचा काठ उसवत असल्याचं मला हळदीकुंकवाच्या दिवशी दिसलं. लाल रेशमाचा एक धागा घडीतून सुटून कपाटाच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या फटीतून बाहेर गेला होता. उंदीर, मी म्हटलं. धागा तोडला, गाठ मारली.

पुढच्या शुक्रवारनंतर पाहिलं तर गाठ नव्हती आणि काठाची बोटभर पट्टी विरळ झाली होती. उंदीर कुरतडतो. उंदीर ओढत नाही, तेही एकच धागा, सरळ, न तोडता.

या घरात धाग्याचं ज्ञान सगळ्यांना आहे म्हणून मी सासूबाईंना विचारलं, अगदी साळसूदपणे, की धागा असा आपोआप बारीक भोकातून जातो का. त्या खूश झाल्या. कारखान्यातून एक जुना धोटा आणला. लूमवर कापडातून इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा, होडीसारखा, पोटात धाग्याची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि धागा धोट्याच्या कडेच्या एवढ्याशा भोकातून बाहेर काढायचा. सुई लागत नाही. त्यांनी धोटा ओठांना लावला, गाल आत घेतले आणि ओढलं.

सूं.

धागा भोकातून सळकन त्यांच्या ओठांवर आला.

“असं,” त्या म्हणाल्या. “दिवसातून शेकडो वेळा करायचं. कापसाचा भुगा जातो आत, पण हात चालतो. आमच्या हौसाला तर...”

त्यांनी तोंड पुसलं. धोटा पदराखाली घेतला.

“हौसा कोण, आई?”

“आं?” त्या म्हणाल्या.

५

भाविकला मी संध्याकाळी विचारलं. तो वाईट माणूस नाही. त्याचा दोष एवढाच की तो या घरात कुणालाच वाईट समजत नाही.

“बाबांची मोठी बहीण,” तो म्हणाला. “आज्याच्या मागे लूम तिनंच चालवले. लग्न न्हाय केलं. आत्या नसती तर हे काहीच नसतं.” त्यानं हातानं घर, फरशी, माझं कपाट, सगळं दाखवलं.

“मग तिचा एक फोटो का नाही?”

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला.

“तिची छाती भरली शेवटी. आवाज यायचा गं. इतका यायचा की कुणाला जेवण जायचं न्हाय. पाहुणे आले की आईला लाज वाटायची. मग तिला या खोलीत ठेवली.”

“याच खोलीत का?”

“कारखान्याला लागून हाय ना. लूमच्या आवाजात काय ऐकू येत न्हाय.”

हे त्यानं अगदी साध्या आवाजात सांगितलं, पंखा कुठून आणला ते सांगावं तसं.

“आणि शुक्रवारी?”

“शुक्रवारी टीव्ही लावायचो.”

“तिनं हाक मारली तर?”

मी समोर जाऊन बसले, माझे ओठ त्याला दिसतील अशी.

“इथं खिडकी होती,” कपाटाकडे बघत तो म्हणाला. “कारखान्यात उघडायची. तिथनं हात काढून ती कारागिरांकडे धोटा मागायची, मी भरून देते म्हणून. ते घाबरायचे. मग बाबांनी खिडकी बुजवून टाकली. तिच्यासाठीच, धूळ येऊ नये म्हणून.”

“ती असताना?”

“असतानाच.”

“आणि गेली कधी?”

“ते...” त्यानं मान उचलली नाही. “ते कळलं न्हाय नक्की. लूम चालू होते. शुक्रवारी बंद झाले, आई टीव्ही लावायला गेली. तर त्या दिवशी लावायची गरज पडली न्हाय.”

मला त्या बाईची भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. आणि मग माझ्या लक्षात आलं की आम्हांला लग्नात ही खोली याच्याच आईनं दिली होती. ‘मोठी हाय, हवेशीर हाय’ म्हणून. तिथं कुणीतरी झोपू लागलं की तो आवाज झोपणाऱ्याचा होतो. घराचा राहत नाही.

६

पुढच्या शुक्रवारी मी आधी कारखान्यात गेले. लूम थंड पडले होते, जाळ्यांसारखा कापूस सगळ्यांवर बसलेला. आमच्या खोलीची भिंत मी पलीकडून हातानं चाचपली. बुजवलेल्या खिडकीचा चौकोन दिसत होता, पण गिलावा अखंड. भोक नाही, चीर नाही. एका विटेची भिंत. तिच्या आत कुणी मावणार नाही.

मग खोलीत येऊन, दार लावून, कपाट ओढलं. त्याचा आवाज टीव्हीत बुडाला. या घराचा एवढा एक उपयोग आहे.

मागे तोच चौकोन. आणि त्यात, माझ्या छातीच्या उंचीवर, एक भोक. हरभरा जाईल एवढं. कडा गुळगुळीत, जुन्या धोट्याच्या भोकासारख्या झिजलेल्या. माझ्या शालूचा लाल धागा त्यात गेला होता.

मी धागा दोन बोटांत धरला. सैल होता. सिमेंट आकसतं, मी स्वतःला सांगितलं, हवेचा दाब असतो, बी.एस्सी.ला शिकलोय आपण.

सूं.

धागा बोटांतून सरकला. घाईनं नाही. कामाच्या माणसाच्या सवयीनं.

मी वाकले आणि भोकाला डोळा लावला. आत काळोख होता, आणि माझ्या बुबुळावरून थंड हवा आत जात होती, माझ्याकडून तिकडे. डोळ्यात पाणी आलं तरी मी पापणी मिटली नाही. काळोख हळूहळू राखाडी झाला. मला वाटलं तो कापसाचा बोळा आहे. मग त्या बोळ्यात एक आडवी रेघ दिसली, आणि रेघ आवळली, गोल झाली.

ओठ होते. कोरडे, कापसाची लव चिकटलेले. त्यांच्यामध्ये माझा लाल धागा. बाकी काही नव्हतं. ओठांमागे चेहरा असावा एवढी जागाच त्या भिंतीत नव्हती.

मी किंचाळले नाही. किंचाळून ऐकणार कोण होतं? हाच विचार त्या ओठांनीही कधीतरी केला असणार.

कपाट मी परत लावलं नाही.

७

काळूराममामा आले तेही शुक्रवारीच, जेवायच्या वेळेला. जेवण झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत बसले. टीव्ही चालू. कोपऱ्यात माझी बॅग होती. ती मी भरली नव्हती.

“हवापालट समज, दिशा,” सासूबाई टीव्हीच्या आवाजावरून ओरडल्या. “थोडे दिवस अंबाडीला राहा. बरं वाटलं की ये.”

“आम्ही काय वाईट बोलत न्हाय,” काळूराममामा म्हणाले. “पण तुझ्या आप्पांनी आधी सांगायला पायजे होतं. बाजारात म्हैस घेताना पण खोकला बघतात.”

हेमाली हसली आणि मग माझ्याकडे बघून थांबली.

“आणि मानकोलीवाल्यांना मला सांगावं लागेल,” मामा पुढे म्हणाले. “मी मधला माणूस. उद्या ते बोलतील, धाकटीचं पण तसंच निघालं तर? थोरलीचं तुम्ही लपवलं ना.”

“डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय,” भाविक म्हणाला. एवढ्या दिवसांत प्रथमच. पण तो टीव्हीपेक्षा हळू बोलला, म्हणजे त्या घरात बोललाच नाही.

“बापाला फोन केलाय,” सासरे माझ्या ओठांकडे न बघता म्हणाले. “निघालेत ते.”

आप्पा निघाले होते. अंबाडी नाक्यावरचं दुकान बंद करून, नवा शर्ट घालून निघाले असतील, मुलीच्या घरी जायचं म्हणून. इथं येऊन ते हात जोडणार होते. जिच्यासाठी या घरानं कधी फोटोचा खिळाही ठोकला नाही, तिच्या श्वासाबद्दल माझे वडील यांची माफी मागणार होते.

मी उठले. टीव्हीची पिन काढली. पंखा बंद केला. हेमालीच्या हातातला मोबाईल घेऊन उलटा ठेवला. बाहेर जाऊन मोटर बंद केली आणि परत आले तोवर कुणी हललं नव्हतं. सासूबाईंचा हात रिमोटवर होता, बटण दाबत होता.

घर शांत झालं. मग माझ्या खोलीतून, उघड्या दारातून, आला.

सूं.

सगळ्यांनी एकदम माझ्या छातीकडे पाहिलं. मी दहा हात लांब उभी होते, आवाज दारातून आला होता, आणि तरीही त्यांनी माझ्याचकडे पाहिलं. मी त्यांचे चेहरे बघत होते म्हणून खाली उशिरा पाहिलं.

फरशीवर एक हिरवा धागा होता. माझ्या साडीचा नव्हता. मी पिवळी नेसले होते. तो खोलीच्या उंबऱ्यावरून येत होता, सोफ्याच्या पायाला वळसा घालून, सासूबाईंच्या हिरव्या पदरापर्यंत. ताठ होता. आतून ओढ आली की पदराचं टोक जरासं हलत होतं, आणि सासूबाई मधूनमधून, न बघता, पदर सावरत होत्या.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, सगळ्यांना माझे ओठ दिसतील अशी. आवाज चढवायची गरज नव्हती.

“आता सगळ्यांनी श्वास धरा,” मी म्हणाले. “मीही धरते. आणि मग मला सांगा, हा कुणाचा.”